बुगडीसाठी टोचलेला कान

मिरजेचे मोहन बर्वे मे २०२० मध्ये वारले, पण करोनाने नव्हे. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी कौमुदी मेलबर्नच्या पश्चिम टोकाला, टार्निटमध्ये राहते. देशाबाहेर पडायला तेव्हा सरकारची परवानगी लागत होती, आणि परवानगी मिळाली तरी विमान नव्हतं. मिरजेत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शोभामावशींच्या जावयाने स्मशानात फोन धरला. त्याचा हात अवघडला की चित्र कलायचं आणि कौमुदीला पत्र्याचं छप्पर दिसायचं. तिचा नवरा सलिल शेजारी उभा होता. बंद करू का, असं त्याने दोनदा विचारलं. ती नको म्हणाली.

तेराव्यानंतर तिची आई रेखा बोलेनाशी झाली. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली ही बाई. चाळीस मुली आणि चाळीस कात्र्या नुसत्या आवाजावर ताब्यात ठेवायची. आता ती फोन उचलायची, डब्याला टेकवून ठेवायची आणि गप्प बसायची. थोड्या वेळाने फोन घसरायचा. मग कौमुदी कामावरच्या गोष्टी मिरजेच्या छताला सांगत बसायची.

खाण्याचंही तसंच. शोभामावशी डबा वर नेऊन द्यायच्या आणि कौमुदीला वेगळा फोन करायच्या.

"दोन घास खातात नि ताट सरकवतात. ब्लाउज ढगळ झालाय गं. मी किती बळजबरी करणार? मी काही पोटची नव्हे."

कौमुदीने सगळं करून पाहिलं. आमटीची कृती विचारली. मालिकांच्या गोष्टी काढल्या. एकदा रागावून पाहिलं, एकदा रडून. रेखा "हं" म्हणायची, तेही कधी कधी. आपण इथे पगार मिळवतोय आणि आई तिथे ताटासमोर बसून संपत चाललीय, हे कौमुदीला दिसत होतं, आणि फोनवरून तिला भरवता येत नव्हतं.

रेखाने नवरा गेल्यावर अंगावरचे दागिने उतरवून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच उतरवले. त्यात बुगड्या होत्या. कानाच्या वरच्या कडेला घालायची ती मोत्यांची जोडी रेखाकडे तिच्या आजीकडून आली होती. त्या घरात बुगडी वाटणीत देत नसत. जिचा कान टोचलेला, तिची बुगडी, असा रिवाज. कौमुदी चौदा वर्षांची असताना रेखाने तिला सोनाराकडे नेलं होतं. सोनाराने तार हातात घेतली आणि मुलगी दुकानातून पळाली ती थेट घरी. त्यानंतर तो विषय दोघींत फक्त टोमणा म्हणून निघायचा.

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी, सांगण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, कौमुदी छताला म्हणाली, "आई, बुगडीसाठी कान टोचून घेऊ का?"

फोन हलला. रेखाचा चेहरा आला.

"तिकडं कोण टोचणार? सोनार आहे का?"

तेराव्यानंतरचं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

*

मेलबर्नमध्ये त्या महिन्यात दुकानं थोडी उघडली होती. लोकांना वाटत होतं, संपलं. वेरिबीच्या एका दुकानात ब्रॉन्विन नावाच्या मुलीने कौमुदीचा उजवा कान टोचला. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फुलं गोंदलेली होती, आणि काम मात्र शस्त्रक्रियेच्या खोलीत चालतं तसं. हातमोजे दोनदा बदलले, सुई डोळ्यांसमोर पाकिटातून काढली. दोन्ही कान एकदम करायला तिने नकार दिला. एक आधी बरा होऊ दे, म्हणाली, कमीत कमी सहा महिने, वर्षही लागेल. तिने टायटेनियमचा लांब दांड्याचा स्टड घातला. सूज येते, तिला जागा हवी. सूज उतरली की आखूड दांडा बसवायला परत ये. तोवर मिठाचं निर्जंतुक पाणी दोन वेळा. हात लावायचा नाही, फिरवायचा नाही, तेल नाही, मलम नाही.

कौमुदीने मान हलवली. तिला हे सांगायची खरं तर गरज नव्हती. सांगलीत ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती. पुढे ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं. शिकताना सगळे करतात तशी वृद्धाश्रमात पार्ट-टाइम नोकरी धरली. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर प्रयोगशाळांना अर्ज केले, त्यांची उत्तरं आली नाहीत, आणि वृद्धाश्रमाची नोकरी हीच नोकरी झाली. तिच्या मजल्यावर संसर्ग टाळण्याचं प्रशिक्षण ती द्यायची. गाऊन कसा काढायचा, मास्कला पुढून हात का लावायचा नाही, साबणाने हात किती वेळ धुवायचे. नवीन आलेल्या मुलामुलींना ती चमकणारी पावडर हाताला लावून दाखवायची, की बघ, एवढ्यात तू काय काय शिवलास.

कानाच्या पाळीत मांस असतं. वरच्या कडेला कूर्चा असते, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिथे जंतू शिरला तर त्याच्याशी लढायला शरीराची माणसं उशिरा पोचतात. हे कौमुदीला परीक्षेत आलं होतं.

*

"बघू," रेखा म्हणाली. मेलबर्नचे पाच म्हणजे मिरजेचे साडेबारा. पहाटेच्या शिफ्टवरून येऊन कौमुदी फोन लावायची तेव्हा आईपुढे ताट असायचं. "जवळ आण. अगं, ही खिळ्यासारखी काय घातलीय? तार कुठाय?"

"इथे तार नाही घालत आई. स्टड असतो."

"नि फिरवायचं कसं?"

"फिरवायचं नाही म्हणाली ती."

"फिरवायचं नाही?" रेखाने घास तसाच धरला. "मग छिद्र बुजेल की! रोज कोमट खोबरेल लावायचं, चिमूटभर हळद घालून, नि तार फिरवायची. माझ्या आईनं माझं केलं, तिच्या आईनं तिचं केलं. कुणाचे कान गळून पडले?"

"अगं, पण इकडचं सायन्स..."

"बरं," रेखा म्हणाली.

तिने फोन डब्याला टेकवला. दुसऱ्या दिवशी फोन उताणाच ठेवलेला होता. शोभामावशींचा निरोप आला: आज ताट आलं तसं परत.

तिसऱ्या दिवशी कौमुदी कॅमेऱ्यासमोर वाटी घेऊन बसली. वाटीत खोबरेल तेल होतं आणि हळद.

"गरम केलंस का?"

"केलं."

"बोट बुडव. हं. आता मागून लाव, तिथं आत जायला पाहिजे. आता फिरव. भितेस काय? एक. उलटी फिरव. दोन. अजून एकदा."

कौमुदीच्या डोळ्यांत पाणी आलं. रेखा भाकरी मोडत होती. "अशीच पळालीस त्या दिवशी," ती म्हणाली. "सोनार म्हणाला, बाई, तुमची मुलगी ऑलिंपिकला पाठवा." आणि घास तोंडात घातला.

त्या दिवशी ताट रिकामं खाली आलं.

सलिल पुण्याचा, आयटीतला. मार्चपासून तो घरूनच काम करत होता आणि जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याचे दोन मॉनिटर मांडलेले असायचे. त्याने आठवडाभर हे पाहिलं.

"तू कामावर लोकांना हात धुवायला शिकवतेस, नि घरी येऊन जखमेत हळद कोंबतेस?"

"दहा मिनिटांचं काम आहे."

"पण कशासाठी?"

"ती जेवते रे."

एकदा कौमुदीने लबाडी करून पाहिली. वाटीत मिठाचं पाणी घेतलं, त्यात खाण्याचा पिवळा रंग टाकला. रेखा पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. दोरा कापसाचा की रेशमाचा, हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखणारी बाई.

"चमकत नाही," ती म्हणाली. "पाणी लावतेस होय गं? मला फसवतेस?"

कौमुदी हसली, उठली आणि तेल घेऊन आली.

*

जुलैत मेलबर्न पुन्हा बंद झालं. ब्रॉन्विनचं दुकानही. आखूड दांडा बसवायचा राहिला. लांब दांड्याचा स्टड कानाबाहेर डोकावत राहिला, आणि त्याच सुमारास मास्क सक्तीचे झाले. कामावर सबंध शिफ्टभर मास्क, त्याच्यावर प्लास्टिकची ढाल. मास्कची दोरी स्टडमध्ये अडकायची. गाऊन काढताना दोरी ओढली जायची आणि कौमुदी क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. तिने एका पट्टीला दोन गुंड्या शिवल्या आणि दोरी कानाऐवजी डोक्यामागे अडकवायला सुरुवात केली. थोडं बरं वाटलं, पण दिवसभरात ढाल सरकायची, पट्टी सरकायची.

शिवाय ती झोपेत उजव्या कुशीवर वळायची. सलिल तिला उठवून सरळ करायचा.

कान आधी गुलाबी झाला, मग लाल. मग वरची कड सुजून गुळगुळीत झाली, जशी आतून कुणी हवा भरावी. पाळी मात्र होती तशीच. फक्त वरचाच भाग सुजणं वाईट, हे कौमुदीला ठाऊक होतं. तिने त्या दिवशी वाटी आणली नाही.

"आज तेल?" रेखाने विचारलं.

"आई, लाल झालाय. थोडे दिवस थांबूया."

"बघू." ती खूप वेळ बघत होती. "पिकतंय. पिकू दे. पिकलं की निचरतं नि छिद्र मोकळं होतं. आता सोडलंस तर सगळं वाया. हळद जरा जास्त घाल."

"दुखतं गं."

"मला दुखलं नव्हतं?" रेखा म्हणाली. मग आवाज उतरवून, "नको असेल तर राहू दे. ठेवते मी."

"थांब," कौमुदी म्हणाली. "आणते."

ऑगस्टमध्ये वृद्धाश्रमात करोना शिरला. कुणामुळे, ते कधीच कळलं नाही. पहिल्यांदा स्वयंपाकघरातली एक बाई, मग तळमजल्यावरचे दोन आजोबा, मग कौमुदीचा मजला. डॉरीन नावाच्या म्हाताऱ्या बाईंना कौमुदी रोज केस विंचरून द्यायची. त्यांना न्यायला आलेली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत होती आणि डॉरीन त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होत्या, तुम्ही कोण. त्या परत आल्या नाहीत.

दोन दिवसांनी सकाळी दारावर ताप मोजण्याचं काम लीनाकडे होतं. लीना मुंबईची, कौमुदीच्याच हाताखाली शिकलेली.

"अडतीस पॉइंट दोन," लीना म्हणाली. तिने पुन्हा मोजलं. "सॉरी यार."

"कानामुळे आहे गं. बघ ना, केवढा सुजलाय."

"असेल. पण मी आत सोडू शकत नाही. सिम्प्टम असला की घरी, टेस्ट, आयसोलेशन. कारण विचारत बसायचं नाही." लीनाने थर्मामीटर खाली घेतला. "तूच शिकवलंयस."

*

टेस्ट झाली. प्रयोगशाळांवर एवढा ताण होता की निकाल येईना. निकाल येईपर्यंत आणि त्यानंतरही, आश्रमातल्या रुग्णांशी संबंध आल्यामुळे, तिने घराबाहेर पडायचं नव्हतं. ताप असलेल्या माणसाला दवाखान्यात घेत नव्हते. डॉक्टर व्हिडिओवर भेटले.

"कॅमेरा जरा जवळ," ते म्हणाले. मग विचारलं, "यावर काय लावत होता?"

सलिल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याने मान वर केली.

"सलाइन," कौमुदी म्हणाली.

"फक्त सलाइन?"

"फक्त सलाइन."

डॉक्टरांनी त्वचेच्या नेहमीच्या संसर्गावरच्या गोळ्या लिहून दिल्या. सूज वाढली तर थेट इमर्जन्सीत जा, जाण्याआधी तिथे फोन कर, असं सांगितलं आणि पुढचा पेशंट घेतला.

"खोटं का सांगितलंस?" सलिलने विचारलं.

"माझ्या फाइलवर काय लिहिलंय माहितीये? इन्फेक्शन कंट्रोल. नि त्यांना सांगू, मी कानात हळद घालत होते?"

"मग काय होतं? हसले असते."

"हो. हसले असते."

ओलसर, तेलकट जागी कूर्चेत वाढणारा जो जंतू असतो, तो नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. हेही कौमुदीला ठाऊक होतं. पण ते डॉक्टरांच्या डोक्यात यायला कुणीतरी तेलाचं नाव काढायला हवं होतं. तिने गोळ्या घेतल्या. दोन दिवसांनी स्टडचं पुढचं टोक सुजेत बुडून दिसेनासं झालं. उशीवर हिरवट डाग पडले, तरी टेस्टचा निकाल आल्याशिवाय ती इमर्जन्सीत जायला तयार नव्हती. रात्रंदिवस कानात कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटत होतं. डोक्याला ओढणी गुंडाळून ती पाच वाजता फोन लावायची, कॅमेऱ्यासमोर वाटी धरायची आणि म्हणायची, थंडी आहे गं, आधीच लावून झालं. रेखा भाकरी खायची. भाकरी खाताना शोभाच्या मांजरीच्या, पाणी न येण्याच्या, गल्लीतल्या बांबूच्या अडसराच्या गोष्टी सांगायची. पूर्वीसारखी. मधूनच विचारायची, "आता जरा ओढणी काढ की."

"उद्या."

निकाल निगेटिव्ह आला तेव्हा सलिलने तिला गाडीत घातलं. रुग्णालयाच्या दारापर्यंतच त्याला जाता आलं. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण मान वळत नव्हती.

शल्यविशारद तरुण बाई होती. तिने कान बराच वेळ पाहिला आणि तोच प्रश्न विचारला.

"खोबरेल तेल आणि हळद," कौमुदी म्हणाली. "रोज. आणि मी तो फिरवत होते."

बाई हसली नाही. "हे कुणाला आधी सांगितलं होतंस?"

"नाही."

"ठीक आहे," बाई म्हणाली, आणि लिहून घेतलं.

पू काढला. मेलेली कूर्चा काढावी लागली, आणि ती त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त निघाली. कड उभी ठेवणारं आतलं आडं गेल्यावर कानाचा वरचा भाग पुढे मुडपला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. पुढे केव्हातरी बरगडीची कूर्चा घेऊन नवा करता येतो, असं बाईने सांगितलं, पण अशा शस्त्रक्रिया सध्या बंद आहेत. केव्हा सुरू होतील, तिलाही ठाऊक नव्हतं.

वॉर्डमध्ये कुणाला भेटायला येऊ देत नव्हते. शेजारच्या खाटा रिकाम्या होत्या. डबल शिफ्ट आहे, फोन जमणार नाही, असा मेसेज तिने रेखाला पाठवला होता. आश्रमातून लीनाचे मेसेज येत होते, गेलेल्यांच्या एकेका नावाचे. पुढे पुढे कौमुदीने ते उघडणं सोडलं.

*

घरी आल्यावर तिने ठरवलं, आईला कळू द्यायचं नाही. पट्टी निघाली की केस पुढे घ्यायचे. सलिलला तिने बजावलं.

"किती दिवस लपवणार?" तो म्हणाला.

"ती तब्येतीनं सावरेपर्यंत."

"नि तेल? रोज वाटी घेऊन बसणार?"

"बसेन. डावा कान दाखवीन. तिला काय कळतंय फोनवर."

सलिलने मॉनिटरकडे तोंड केलं.

पाच वाजले. कौमुदीने केस उजवीकडे सोडले, डावा कान पुढे केला आणि बोट तेलात बुडवलं. रेखाच्या हातात घास होता. तिने तो ताटात ठेवला.

"हा डावा."

"अगं, कॅमेऱ्यात उलटं दिसतं."

"शिवणाच्या बाईला उलटसुलट शिकवू नकोस. यात भोक नाही. उजवा दाखव."

"आई..."

"केस बाजूला घे, कौमुदी."

कौमुदीने केस मागे घेतले. सलिल त्याच्या जागेवरून उठून स्वयंपाकघरात गेला. रेखा पडद्याच्या इतकी जवळ आली की नुसता एक डोळा दिसत होता.

"शिवलंय कुणी?" शेवटी तिने विचारलं.

"डॉक्टरनं. बाई होती."

"टाके चांगले आहेत. जवळ जवळ घातलेत." मग, "उसवणार केव्हा?"

"विरघळतात ते. आपोआप."

"आतलं सगळं काढलं ना?"

"काढलं."

"हं," रेखा म्हणाली, आणि फोन उताणा झाला.

दुसऱ्या दिवशी तिने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही. शोभामावशींनी सांगितलं, दार उघडतात, डबा घेतात, परत देतात. बोलत नाहीत. बघ बाई, मला भीती वाटते. कौमुदीने मेसेज पाठवले. दोष माझा आहे, असं तिने लिहिलं. तुझ्यामुळे नाही, मास्कमुळे झालं, असंही लिहिलं. दोन्ही मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

सप्टेंबरअखेर कौमुदी कामावर गेली. तिच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. गाद्या गुंडाळलेल्या, दारांवरच्या नावाच्या पट्ट्या काढलेल्या. मास्कची दोरी उजव्या कानावर टिकेना. मुडपलेली कड खाली दबायची आणि मास्क घसरायचा. आता गुंड्यांच्या पट्टीशिवाय चालणारच नव्हतं. नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं, कानाला काय झालं, आणि तिने ते सगळ्या वर्गासमोर सांगितलं, तेलासकट. कुणी हसलं नाही. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लवकर सांगून झालं.

तिला दुपारची शिफ्ट दिली होती. त्यामुळे फोनची वेळ बदलली. आता ती निघायच्या आधी फोन करायची, तेव्हा मिरजेत सकाळ असायची, चहाची वेळ. ताट समोर नसायचं. ती रोज लावायची आणि रिंग पूर्ण वाजून बंद व्हायची.

ऑक्टोबरात एका दिवशी रिंग बंद व्हायच्या आत रेखाने उचलला. ती वाळली होती. गळ्याची हाडं दिसत होती.

"बुगड्या देऊन टाकल्या," ती म्हणाली. काही नमनाचं तेल नाही.

"कुणाला?"

"शोभाच्या लेकीला, मीनाक्षीला. तिचे दोन्ही टोचलेले आहेत. पडून राहून काय करायचं त्यांचं?"

कौमुदीला वाटलं, आपल्याला वाईट वाटायला हवं. "बरं केलंस," ती म्हणाली.

"बरं कसलं त्यात." रेखाने चहाचा कप उचलला आणि न पिता ठेवला. "दिसत होतं मला."

"काय?"

"लाल झालेलं. सुजलेलं. मी काय आंधळी आहे? माझ्या बहिणीचं असंच झालं होतं, तेव्हा आईनं पहिल्या दिवशी तार काढून टाकली. मला माहीत होतं, काढायला पाहिजे."

"मग?"

"मग काय."

"मग फिरव का म्हणालीस आई?"

रेखा पडद्याकडे बघत नव्हती. तिचं लक्ष खिडकीकडे होतं, किंवा कुठेच नव्हतं.

"तेल झालं की तू फोन ठेवायचीस," ती म्हणाली.

कौमुदीला आठवेना, आपण खरंच तसं करत होतो का. करत असू. पहाटेची शिफ्ट, आंघोळ राहिलेली, स्वयंपाक राहिलेला. वाटी उचलायची आणि चल गं, उद्या करते, म्हणायचं. आईने त्या दहा मिनिटांत जेवावं म्हणून ती कान पुढे करत होती, आणि आई त्या दहा मिनिटांसाठी तो फिरवायला लावत होती. मला वाटलं तू त्यामुळे जेवतेस, असं ती म्हणणार होती. ते आईला आता ऐकवण्यात अर्थ नव्हता.

"मी ठेवत नाही," ती म्हणाली. "अजून वेळ आहे शिफ्टला."

"नाही, जा तू. उशीर करू नकोस," रेखा म्हणाली. "तो रोज रोजचा फोनही करू नकोस. रविवारी कर. मी उचलीन."

"नक्की?"

"उचलीन म्हटलं ना."

आणि तिने ठेवला.

सलिलने विचारलं, काय म्हणाली. बरी आहे, असं कौमुदी म्हणाली. तिने डोक्यामागे पट्टी बांधली, दोरी गुंड्यांना अडकवली, मास्क नाकावर दाबला आणि गाडी बाहेर काढली. आश्रमाच्या पार्किंगमध्ये पोचली तेव्हा, मिरजेत दुपारी शोभामावशी डबा घेऊन वर जातील, हे तिच्या मनात आलं. ताट रिकामं आलं की आलं तसं, हे शोभामावशींना विचारायला एक फोन पुरला असता. तो तिने केला नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.